रिचार्ज नसताना आलेलं कमळ

विघ्नहराच्या गावात विघ्न कशाला येईल, असं बाहेरच्या लोकांना वाटतं. त्यांचं बरोबर आहे. ते अष्टविनायकाच्या बसमधून उतरतात, हार-दूर्वा घेतात, रांगेत उभे राहतात, पेढे बांधून घेतात आणि तासाभरात लेण्याद्रीकडे रवाना होतात. एवढ्या वेळात विघ्नाला चप्पल काढायलाही सवड मिळत नाही. आम्ही मात्र ओझरात बारा महिने राहतो, आणि त्यातून माझा धंदा लग्नपत्रिकांचा.

पत्रिका मी घरी संगणकावर जुळवतो, छापून येतात नारायणगावहून. आतल्या खोलीत टेबल, टेबलावर मॉनिटर, खाली सीपीयू आणि त्याच्या मागे वायरींचं जाळं. त्या जाळ्यात मी हात घालत नाही. कुठली वायर कुठून निघते आणि कुठं जाते हे फक्त चिरंजीवांना ठाऊक असतं, आणि चिरंजीव लागतात तेव्हा घरात नसतात. दसऱ्याला सीपीयूला झेंडूची माळ पडते, हळदकुंकू वाहिलं जातं. एका वर्षी हिने इतक्या भक्तिभावाने हळद वाहिली, की ती पंख्याच्या जाळीतून थेट आत गेली. बाहेर काढायचं धाडस कुणी केलं नाही. तेव्हापासून आमचा संगणक आतून हळद लागलेलाच आहे.

ज्या बुधवारची ही गोष्ट, त्या रात्री माझ्यापुढे एक मोठी पत्रिका होती. बसायला उशीरच झाला, कारण चार दिवसांपूर्वी टीव्हीचा रिचार्ज संपला होता. मी तो 'उद्या मारू' म्हणत पुढं ढकलत होतो, आणि त्यामुळे चिरंजीवांनी मित्रांसह मॅच बघायची आपली काहीतरी सोय करून घेतली होती. त्यांची मॅच संपेपर्यंत मला टेबलाजवळ प्रवेश नव्हता.

पत्रिकेत नवरा-नवरीची नावं सर्वांत सोपी. ती दोनच असतात आणि त्यांचं भांडण अजून सुरू व्हायचं असतं. अवघड असतात ती बाकीची. निमंत्रक, संयोजक, व्यवस्थापक, स्वागतोत्सुक, प्रमुख उपस्थिती, मित्रपरिवार, आणि सगळ्यात शेवटी 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी, अजून बोलायलाही न लागलेली बालसेना. वरपित्याने तीन पानं भरून नावं आणली होती. मी मोजली तर एकशे अकरा भरली. सोसायटीच्या माजी चेअरमनचं नाव आजी चेअरमनच्या वर गेलं म्हणून एक प्रूफ परत आलं. धाकटे मामा थोरल्या मामांच्या ओळीला ओळ लावून बसले म्हणून दुसरं परत आलं.

नावांच्या क्रमाचं हे दुखणं आजचं नाही, आणि त्याचा उगम तर आमच्याच गावात आहे. अभिनंदन राजाचा यज्ञ मोडायला इंद्राने विघ्नासुराला धाडलं, त्याने सगळीकडे उच्छाद मांडला, शेवटी गणपतीने त्याला नमवलं, ही कथा सगळ्यांना पाठ असते. पण शरण येताना त्या असुराने मागितलं काय ते बघा. राज्य नाही, अमरत्व नाही. तुमच्या नावाआधी माझं नाव लागलं पाहिजे, एवढंच. देवाने मान्य केलं, म्हणून आपण विघ्नेश्वर म्हणतो. आधी विघ्न, मग ईश्वर. माझ्याकडे येणारे वरपिते असुर नव्हेत, भली माणसं आहेत, पण मागणी तीच असते.

रात्री साडेअकराला शेवटची दुरुस्ती झाली. सकाळी फाईल पेनड्राइव्हवर घ्यायची आणि संध्याकाळी पाचच्या आत छापखान्यात पोचवायची, असं ठरलं होतं. पाचनंतर मशीनवर दुसऱ्याचं लग्न चढणार होतं. संगणक बंद करायला गेलो तर नुसतं 'बंद करा' असं काही नव्हतंच. एक 'अपडेट करून बंद करा' आणि दुसरं 'अपडेट करून पुन्हा सुरू करा'. पंगतीत वाढपी 'एक जिलबी का दोन?' असं विचारतो तसं. नको म्हणायची सोयच नाही. मी एक घेतली.

टक्के मोजायला सुरुवात झाली. सत्तावीसवर ते इतका वेळ टेकले, की मला वाटलं मुक्कामच केला. वर ताकीद होती, 'संगणक बंद करू नका.' मी कशाला करतोय? पण बाहेर वारं सुटलं होतं, दिवा दोनदा मिचकला होता, आणि लाईटला वाचता येत नाही. मी इन्व्हर्टरजवळ खुर्ची टाकून बसलो, सलाइन लावलेल्या पेशंटजवळ बसावं तसा. एकदाचे शंभर झाले. संगणक आपला आपण बंद झाला, आपला आपण सुरू झाला आणि पुन्हा शून्यापासून मोजू लागला. मी झोपायला गेलो.

सकाळी संकष्टी. आंघोळ करून, उपाशीपोटी बटण दाबलं. चिन्ह आलं. खाली पांढरे ठिपके प्रदक्षिणा घालू लागले. सात-आठ प्रदक्षिणा झाल्या आणि पडदा काळा झाला. बाण नाही, घड्याळ नाही, अक्षर नाही. सीपीयूचा दिवा मात्र लागलेला, पंखा फिरतोय, आतून घरघर येतेय. कुठल्याही कचेरीतल्या खिडकीसारखं: आत दिवा आहे, पंखा आहे, हालचाल आहे, फक्त उत्तर नाही.

अंधारातही घास तोंडातच जातो, तसा मी त्या काळ्या पडद्यावरच सवयीने पासवर्ड टाइप केला आणि एंटर मारलं. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून आईची हाक आली.

"आरं ए, टीव्हीत कमळ आलंय."

"आई, टीव्हीचा रिचार्ज संपलाय. चार दिवस झाले."

"ते ठाव हाय मला. तरी आलंय. निळं हाय. आधी डोंगर आला, त्याच्यावर घड्याळ व्हतं, येळ बी बरुबर दावीत व्हतं. मग डोंगर गेला न् कमळ आलं."

"घड्याळ आणि कमळ एकत्र?" ही स्वयंपाकघरातून म्हणाली. "मग प्रचाराचंच असणार."

विषय तिथं संपला. म्हणजे आमच्यापुरता.

मी पहिला उपाय केला, जो जगात सगळे पहिला करतात. बंद करून चालू केला. मग मॉनिटरला पाठीवर दोन चापट्या दिल्या, वायरी टोकाला दाबल्या, पुन्हा बंद, पुन्हा चालू. दर वेळी बोटं पासवर्ड टाइप करत होती आणि बाहेरून आईचं चालू होतं: "गेलं कमळ." थोड्या वेळाने, "आलं गं बाई." नळाचं पाणी आलं-गेलं की घरात कुणी तरी तसं ओरडत असतंच. त्याला उत्तर द्यायचं नसतं.

साडेआठला चिरंजीवांना फोन लावला. ते कॉलेजात प्रॅक्टिकलला होते, फोन बंद. आठ वाजून पन्नास मिनिटांनी गावाला कळलं.

पहिले आले निवृत्त गुरुजी. गुरुजी कात्रणं ठेवतात. त्यांनी उभ्याउभ्या सांगायला सुरुवात केली. "तारीख १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक नावाच्या सुरक्षा कंपनीने एक चुकलेलं अपडेट सोडलं आणि जगातले सुमारे ८५ लाख संगणक आडवे झाले. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून द्यावे लागले."

"मग आता माझं काय करायचं, गुरुजी?"

"तेव्हा पडदे निळे झाले होते. तुझा काळा आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं वेगळं आहे," असं म्हणून गुरुजी खुर्चीवर टेकले. जरा विचार करून पुढं म्हणाले, "पण हाताने लिहायची कल्पना वाईट नाही." एकशे अकरा नावं गुणिले सातशे पत्रिका हा गुणाकार गुरुजींनी तोंडी करून दाखवला. मला चहा प्यावासा वाटेनासा झाला.

मग शेजारचे बागायतदार आले. त्यांना कारण येतानाच ठाऊक होतं. "खोडदच्या तबकड्या," ते म्हणाले. खोडदला महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असतात. त्या फक्त ऐकतात, काही सोडत नाहीत, हे मी त्यांना पूर्वी दोनदा सांगितलं होतं. पण पाऊस लांबला, मोबाइलची रेंज गेली, म्हैस आटली, की यांच्या घरातून बोट खोडदच्या दिशेलाच जातं.

"ऐकतात म्हणजे खेचून घेतात ना?" ते म्हणाले. "तुझा उजेड खेचला असंल."

तेवढ्यात देवळाबाहेरचा फुलवाला एका गृहस्थाला दंडाला धरूनच घेऊन आला. पायात चप्पल नाही, हातात नारळ, कपाळाला शेंदूर. "साहेब हिंजवडीला आयटीत आहेत," फुलवाला म्हणाला, मोठा मासा गळाला लागल्यासारखा.

"आयटीत आहे, पण मी टेस्टिंगला असतो," साहेब कसनुसे हसले.

"मग करा की टेस्ट."

साहेबांनी नारळ सीपीयूवर ठेवला आणि खुर्चीत बसले. माणूस सज्जन होता. एकाच वेळी चार बटणं दाबायची एक युक्ती असते, कंट्रोल, शिफ्ट, ते चार चौकोनांचं बटण आणि बी. त्याने म्हणे पडद्याचा ड्रायव्हर पुन्हा जागा होतो. साहेबांची बोटं पेटीवर अवघड सूर धरावा तशी ताणली गेली. "आता टुंग असा आवाज आला पाहिजे," ते म्हणाले. आम्ही चौघांनी कान सीपीयूला लावले. काही नाही. पुन्हा दाबलं. बाहेर टीव्ही 'टुंग' म्हणाला.

"तो टीव्ही बंद करा कुणी तरी!" मी ओरडलो.

शेवटचा उपाय म्हणून साहेबांनी बटण दहा सेकंद दाबून धरलं. संगणक सुरू होता होता असा लागोपाठ तीनदा तोडला, की चौथ्यांदा तो स्वतःच दुरुस्तीचं पान काढतो, असं त्यांनी समजावलं. एकदा झालं. दोनदा झालं. तिसऱ्यांदा बोट बटणावर टेकलं आणि रस्त्यावर बसचा हॉर्न वाजला. लेण्याद्रीच्या पायऱ्या उन्हाच्या आधी चढायच्या होत्या आणि बसमध्ये त्यांची सासू होती. साहेब उठले ते पळतच गेले. नारळ तेवढा सीपीयूवर राहिला.

आता नारायणगाव. तसं ते जवळ आहे, पण सीपीयू मोटारसायकलवर बसत नाही. बागायतदारांनी टोमॅटोचा क्रेट दिला. क्रेटमध्ये जुनं लुगडं, लुगड्यात सीपीयू, वरून ट्यूबच्या रबराने करकचून बांधलं. देवळासमोर गाडी हळू केली आणि शिखराकडे बघून हात जोडले. चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई जिंकल्यावर या शिखरावर सोनं चढवलं, असं सांगतात. मी पाच नारळ बोललो. मोहिमेच्या मानाने ठीक होतं.

नारायणगावच्या टोमॅटो मार्केटजवळ एकाने गाडी चालू असतानाच विचारलं, "काय भाव गेला?" २०२३ च्या जुलैत याच बाजारात वीस किलोच्या क्रेटला दोन हजारांच्या पुढं भाव फुटला होता. तेव्हापासून क्रेट बांधून जाणाऱ्या माणसाकडे लोक आदराने बघतात. मी लुगडं जरा बाजूला करून दाखवलं. त्याने चेहरा असा केला, की हा माल मार्केटात आला तर सगळ्यांचाच भाव पाडेल.

दुरुस्तीच्या दुकानातला पोरगा विशी-बाविशीचा. त्याने सीपीयूकडे न बघता मला विचारलं, "अपडेट मारलं का?"

"हो."

"कशाला मारलं?"

जुलाबाच्या पेशंटला डॉक्टरांनी 'उघड्यावरचा रस कशाला प्यालात?' विचारावं, तसा आवाज. मी मान खाली घातली. त्याने आधी सांगितलं की ठेवून जा, रात्री आठला न्या. मी म्हटलं, रात्री आठला उसाच्या कडेकडेने, मागं लुगड्यात काहीतरी बांधून? बिबट्याला वाटायचं शेळी चालली. हे त्याला पटलं. आमच्या भागात हे कारण कुठल्याही दुकानात, बँकेत आणि सासरी चालतं.

पत्रा उघडल्यावर तो थबकला. "काका, यात हळद कशी?"

"दसरा."

त्याने फुंकर मारली, पिवळा ढग उठला, दोघंही शिंकलो. मग त्याने आतून बोटभर लांबीची हिरवी पट्टी उपसली, ती रॅम. ड्रॉवरमधून शाळेतला खोडरबर काढला आणि पट्टीच्या सोनेरी दातांवर घासायला लागला. इतका वेळ आमच्याकडे हिंजवडी येऊन गेली, खोडद येऊन गेलं, आणि उपाय निघाला दोन रुपयांचा.

"रबराने काय खोडतोस?"

"कार्बन."

पट्टी परत बसवली, त्याच्या मॉनिटरची वायर जोडली, बटण दाबलं. ठिपक्यांनी प्रदक्षिणा घातल्या आणि पडदा उजळला! पासवर्ड टाकला. आत जाऊन बघतो तर मी ठेवलेला विघ्नहराचा फोटो गायब होता आणि अपडेटने त्याच्या जागी निळ्या पाकळ्या-पाकळ्यांचं कसलंसं फूल टाकलं होतं. म्हटलं असू दे, देव घरी जाऊन बसवू. पत्रिका उघडली. एकशे अकरा नावं जागच्या जागी. माजी चेअरमन आजी चेअरमनच्या खाली.

"तीनशे झाले," पोरगा म्हणाला.

"रबराचे?"

"रबराचे घेत नाही. कुठं घासायचं ते माहीत असल्याचे."

मी आनंदाने दिले. सीपीयू लुगड्यात गुंडाळला, क्रेट बांधला, निघालो. कुकडीचं पाणी दिसायला लागलं तेव्हा आठवलं, की पेनड्राइव्ह माझ्या शर्टाच्या खिशात होता आणि छापखाना त्या दुकानापासून चार पावलांवर.

घरी आल्यावर वायरी लावायला घेतल्या. मॉनिटरची निळ्या तोंडाची, माऊसची, कीबोर्डची, प्रिंटरची, लाईटची. एक उरली. जाड, काळी, चपट्या तोंडाची, खिडकीच्या फटीतून आलेली. ती कशाची हे काही आठवेना. पण हिशेबात उरलेला रुपया आणि जोडणीत उरलेली वायर मला झोपू देत नाही. मागच्या बाजूला तिच्या तोंडाचं एक भोक सापडलं. लावून टाकली.

बटण. चिन्ह. प्रदक्षिणा. काळा.

पावणेचार वाजले होते. मी पोराला फोन केला. तो म्हणाला, "काका, इथं तर चालला होता." विकताना बैल कधी लंगडत नाही, घरी आणल्यावर लंगडतो, हे मला वडिलांनी सांगितलं होतं. पुन्हा क्रेट आणायला उठणार, तोच जाता जाता बोटांनी पासवर्ड मारला आणि वैतागून माऊस टेबलावर इकडून तिकडे दोनदा घासला.

"आलं बघा!" बाहेरून एकदम तीन बायकांचे आवाज आले.

मी बाहेर गेलो. टीव्हीपुढं उदबत्ती लागलेली होती, एक जास्वंद वाहिलेलं होतं आणि आईच्या दोन्ही बाजूंना शेजारच्या दोघी हात जोडून बसल्या होत्या.

"तुज्याच पायगुणानं येतंय," आई म्हणाली. "तू नारायणगावला गेलास, तसं गेलं. तू आलास, तसं आलं. न् आता तर त्याच्यावर भुंगा बी आलाय."

"भुंगा?"

"पांढरा हाय. टोकदार. लय फिरतोय."

त्रेचाळीस इंची पडद्यावर निळ्या पाकळ्या-पाकळ्यांचं ते फूल होतं. फुलाच्या मधोमध पांढरा बाण बसला होता. डाव्या अंगाला 'पत्रिका अंतिम', 'पत्रिका अंतिम २', 'पत्रिका खरोखर अंतिम' अशा माझ्या फायली ओळीने उभ्या होत्या.

"आत जा आणि माऊस हलव," मी हिला म्हटलं.

"हलवला," आतून आवाज आला. भुंगा उडाला. शेजारच्या दोघींनी कपाळाला हात लावला.

खोडदच्या दुर्बिणीने सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा सिग्नल टिपला, ही बातमी २०२३ च्या जानेवारीत आली होती. गुरुजींकडे तिचंही कात्रण आहे. आमच्या घरात सिग्नल भिंतीपलीकडे, बारा फुटांवर येऊन थांबला होता. तो टिपणारं पंच्याहत्तर वर्षांचं यंत्र सकाळी आठपासून बिनचूक नोंदी देत होतं: डोंगर, घड्याळ, कमळ, टुंग, भुंगा. आणि आम्ही चौघं कान सीपीयूला लावून बसलो होतो.

चिरंजीवांचा फोन तेव्हा लागला. "मॅचसाठी टीव्हीला वायर टाकलीय ना, ती राहिली असेल," ते म्हणाले. "अपडेटमध्ये 'फक्त दुसरा पडदा' झालं असणार. चार चौकोनांचं बटण आणि पी दाबा. नाही तर ती वायर काढून टाका. जाड, काळी आहे बघा."

मी बघितली होती.

पी दाबायला निघालो तर आईने अडवलं. संकष्टीच्या दिवशी आपणहून आलेलं कमळ चंद्रोदयाच्या आधी घालवायचं नाही. वाद घालायला वेळ नव्हता. मी आतला कीबोर्ड वायर पुरेल तिथवर दारापर्यंत ओढला, हिला माऊसवर बसवलं आणि टीव्हीतच पत्रिका उघडली. डावीकडे, उजवीकडे, जरा वर, असं माझ्या सांगण्यावरून भुंगा एकेका नावावरून जायला लागला. आईने चष्मा लावला. पंधरा वर्षं मी पत्रिका करतोय, पण माझं काम तिने एवढ्या मोठ्या अक्षरात कधी बघितलं नव्हतं. ती मोठ्याने वाचू लागली. दुसऱ्या रकान्यात थांबली.

"आरं, नवऱ्याच्या ह्या चुलत आज्याच्या म्होरं 'कै.' कशापायी?"

"वारलेत ना ते."

"कधी? सकाळी देवळात भेटले की मला. शाबूदाण्याची खिचडी खात व्हते."

तीन पानं वरपित्याने लिहिली होती, दोन प्रुफं अख्ख्या भावकीत फिरली होती, चेअरमन कोण वर आणि कोण खाली यावर दोन रात्री गेल्या होत्या. जिवंत माणसाला कैलासवासी केलेलं कुणाच्याही नजरेला पडलं नव्हतं, कारण प्रत्येकाने फक्त आपलंच नाव तपासलं होतं. मी 'कै.' खोडलं, 'श्री.' केलं. रबर लागला नाही.

चार वाजून बावन्न मिनिटांनी पेनड्राइव्ह छापखान्यात पोचला. पत्रिका वेळेत आल्या. चुलत आजोबा स्वतःच्या हाताने वाटत फिरले आणि प्रत्येक घरी चहा प्याले. टीव्हीचा रिचार्ज मी दुसऱ्याच दिवशी मारला, पण आईला आता मालिका फिक्या वाटतात. दुपारी ती आत डोकावून 'आज न्हाई का लावायचं?' असं विचारून जाते. पडद्याच्या कोपऱ्यात परवापासून पुन्हा सूचना येतेय, अपडेट तयार आहे, आता की नंतर. मी नंतर म्हणतोय.

नवसाचे पाच नारळ वाहून झाले. सीपीयूवर राहिलेला सहावा आमचा नाही. हिंजवडीच्या ज्या साहेबांचा असेल त्यांनी पुढच्या खेपेला येऊन घेऊन जावा. देवळाबाहेर फुलवाल्याला 'कमळवाल्यांचं घर' विचारलं, की तो दंडाला धरून आणून सोडेल.